सनद नसलेला धंदा

४ सप्टेंबर २०१७ ची रात्र. बीबीसीच्या 'न्यूजनाइट' कार्यक्रमात बसलेले पाहुणे पंचाहत्तरीचे होते. उमरावकी मिळालेले, आणि मार्गारेट थॅचर यांच्या प्रचारमोहिमांमागचं डोकं म्हणून ब्रिटनभर माहीत असलेले. प्रश्न अडचणीचे येत होते. मध्येच पाहुण्यांच्या खिशातला फोन खणखणला. त्यांनी तो कसाबसा गप्प केला. थोड्या वेळाने तो पुन्हा वाजला. या गृहस्थांनी उभं आयुष्य इतरांची प्रतिमा सांभाळण्यात घालवलं होतं, आणि स्वतःच्या मुलाखतीला बसताना फोन बंद करायचा ते विसरले होते.

हे लॉर्ड टिम बेल. त्यांच्या नावाची 'बेल पॉटिंगर' ही जनसंपर्क कंपनी त्याच दिवशी ब्रिटनमधल्या व्यावसायिक संघटनेतून हाकलली गेली होती. ही संघटना म्हणजे पब्लिक रिलेशन्स अँड कम्युनिकेशन्स असोसिएशन, थोडक्यात पीआरसीए. बेल वर्षभरापूर्वीच कंपनी सोडून गेले होते. आता कंपनी टिकेल का असं विचारल्यावर, शेवट जवळ आलाय, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. ते खरं ठरायला आठ दिवस लागले. १२ सप्टेंबरला कंपनीचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला. तीस वर्षं जुनी, लंडनमधली बड्या नावाची, शेकडो पगारदारांची कंपनी आठ दिवसांत बसली.

गंमत अशी, की पीआरसीए म्हणजे काही बार कौन्सिल नव्हे. वकिलाला सनद लागते. ती गेली की काळा कोट खुंटीला. डॉक्टरचं नाव वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीतून कमी झालं की दवाखान्याची पाटी उतरवावी लागते. सीएचंही तसंच. जनसंपर्काच्या धंद्याला मात्र ब्रिटनमध्ये अशी सनदच नाही, आणि आपल्याकडेही नाही. उद्या तुम्ही दादरला एखादा गाळा भाड्याने घ्या, गुमास्ता काढा, दोन हुशार मुलं आणि दोन लॅपटॉप ठेवा, की झाली तुमची पीआर एजन्सी. तुमचं शिक्षण कुणी विचारणार नाही, परीक्षा कुणी घेणार नाही. म्हणजे हकालपट्टी झाल्यावर ५ सप्टेंबरच्या सकाळी बेल पॉटिंगरला हॉलबर्नमधलं आपलं ऑफिस उघडून काम करायला कायद्याची आडकाठी कसलीच नव्हती. सभासदांच्या यादीतून एक नाव खोडलं गेलं होतं, इतकंच.

मग एवढी मोठी कंपनी मेली कशाने?

त्यासाठी जोहान्सबर्गला जावं लागतं, आणि तिथे पोचायची वाट सहारनपूरवरून आहे. उत्तर प्रदेशातल्या या गावातून अजय, अतुल आणि राजेश गुप्ता या तीन भावांचं कुटुंब १९९३ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत गेलं. वर्णभेदाची राजवट संपायच्या बेतात होती आणि नव्या देशात नव्या माणसांना जागा होती. आधी संगणकांचा धंदा, मग खाणी, वर्तमानपत्र, वृत्तवाहिनी. देशाचे अध्यक्ष जेकब झुमा यांचा मुलगा दुदुझाने या उद्योगांत भागीदार झाला. पुढे मंत्रिमंडळात कुणाला घ्यायचं हे गुप्तांच्या बंगल्यावर ठरतं, अशी कुजबुज सुरू झाली. डिसेंबर २०१५ मध्ये झुमांनी अर्थमंत्री काढला, दुसरा नेमला, आणि देशाचं चलन गडगडल्यावर चार दिवसांत तिसरा आणला. मार्च २०१६ मध्ये उपअर्थमंत्री मॅकेबिसी जोनास यांनी उघड सांगितलं, की अर्थमंत्रिपद देऊ करायला गुप्तांनी मला गाठलं होतं. गुप्तांनी ते नाकारलं. बँकांनी मात्र एकामागून एक त्यांच्या कंपन्यांची खाती बंद केली.

बेल पॉटिंगर या गोष्टीत येते ती जानेवारी २०१६ मध्ये. गुप्तांच्या 'ओकबे' कंपनीशी करार झाला, महिना एक लाख पौंडांचा. त्या वेळच्या दराने ही रक्कम कोटीच्या घरात जाते, आणि ती दर महिन्याला. काम मिळवायला जे लोक जोहान्सबर्गला गेले त्यांत टिम बेल स्वतः होते. हे काम आपल्याला पटलं नाही म्हणून आपण बाहेर पडलो, असं त्यांनी नंतर सांगितलं. ऐकणाऱ्याने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात.

काम काय होतं? उद्योगपतीची बदनामी होत असेल तर त्याची बाजू मांडणं हा जनसंपर्काचा रोजचा व्यवहार आहे. त्यात वावगं काही नाही. वकील नाही का आरोपीची बाजू मांडत? पण इथे गुप्तांची बाजू मांडायचीच नव्हती. गुप्तांवर असलेली नजर दुसरीकडे वळवायची होती. त्यासाठी जे हत्यार निवडलं, त्याच्यापाशी जरा थांबायला हवं.

दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये मताचा अधिकार सगळ्यांना मिळाला, पैशाचा नाही. जमिनी, खाणी, बँका, कारखाने यांचा मोठा हिस्सा गोऱ्यांच्याच हाती राहिला. २०१७ च्या सुरुवातीला बेरोजगारी सत्तावीस टक्क्यांच्या वर होती, आणि तिची झळ मुख्यतः काळ्या तरुणांना. हे दुःख कुणी लंडनहून आणलेलं नव्हतं. 'गोरी मक्तेदार भांडवलशाही' हा शब्दप्रयोगही तिथल्या डाव्या चळवळीत आधीपासून होता. बेल पॉटिंगरने हे खरं दुःख उचललं आणि गिऱ्हाइकाच्या कामाला जुंपलं. नंतर फुटलेल्या ईमेलमध्ये कंपनीच्या भागीदार बाईंनी दुदुझाने झुमा यांना लिहिलेलं सापडतं: आर्थिक वर्णभेद संपलेला नाही असं एक कथन उभं करायचं, त्याला घोषणा द्यायच्या, रेडिओ आणि समाजमाध्यमांतून ते तळागाळापर्यंत न्यायचं. सत्ताधारी पक्षाच्या युवा शाखेच्या नेत्यांच्या भाषणांपर्यंत हा मजकूर पोचत होता. सभेला आलेल्या पोराला वाटत होतं, आपला नेता आपल्या पोटातलं बोलतोय. त्या बोलण्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतंय, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.

जनसंपर्काच्या बहुतेक आचारसंहितांचं सार एका प्रश्नात मावतं, असं मला वाटतं: बोलतंय कोण, आणि पैसे कुणाचे? माणूस आपल्या नावाने, आपल्या पैशाने बाजू मांडत असेल तर ऐकणारा त्यातलं किती घ्यायचं ते ठरवू शकतो. नाव लपवलं की ऐकणाऱ्याचा तो हक्कच जातो. मी काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. संध्याकाळी टेबलावर प्रेस नोटांचा गठ्ठा पडायचा, वर 'प्रति, मा. संपादक, कृपया प्रसिद्धीसाठी'. जिल्हा माहिती कार्यालयाची नोट रटाळ असायची, पण डोक्यावर कार्यालयाचं नाव असायचं. सरकार बोलतंय हे उपसंपादकाला कळायचं आणि वाचकालाही. खरी डोकेदुखी असायची ती 'जागरूक नागरिक मंच' छाप लेटरहेडची. असा मंच फोन केला की कधी सापडायचा नाही, आणि पत्रातली भाषा मात्र एखाद्या बिल्डरच्या माहितीपत्रकाशी हुबेहूब जुळायची. असं एक पत्र माझ्या हातून छापून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी बातमीदाराने येऊन विचारलं, "साहेब, हा मंच कुठे भरतो?" मला सांगता आलं नाही.

जोहान्सबर्गमधला मंच लाखो लोकांच्या फोनमध्ये भरत होता. ट्विटरवर बनावट खात्यांचा सुळसुळाट झाला. चौकशी करणाऱ्या पत्रकारांची टवाळी, विकृत केलेले फोटो, शिवीगाळ. ही खाती आपली नव्हेत, असं बेल पॉटिंगरने शेवटपर्यंत म्हटलं, आणि ती कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवला तरी चित्र पुरेसं वाईट आहे. त्यात आणखी एक भानगड होती. या मोहिमेत गोऱ्या भांडवलाचा चेहरा म्हणून ज्यांच्यावर चिखल उडत होता, त्यांतलं एक ठळक नाव म्हणजे योहान रुपर्ट. त्यांची रिशमाँ ही चैनीच्या वस्तूंची कंपनी बेल पॉटिंगरचंच जुनं गिऱ्हाईक होती. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं ते हे. रुपर्ट २०१६ संपता संपता बाहेर पडले.

२०१७ च्या मे-जूनमध्ये गुप्ता कुटुंबाच्या उद्योगांतले ईमेल ढिगाने फुटले. तिथल्या पत्रकारांनी त्यांना नाव दिलं 'गुप्तालीक्स'. करार एप्रिलमध्येच आटोपला होता, पण आता कागद हाती आले. ६ जुलैला कंपनीचे मुख्य कार्यकारी जेम्स हेंडरसन यांनी माफी मागितली, भागीदार बाईंना काढलं, आणखी तिघांना निलंबित केलं. आम्हा वरच्यांची दिशाभूल झाली, असा सूर होता. दरमहा लाख पौंड जमा होत असताना वरच्यांना खालचं काही दिसत नाही, हे मला तरी पटायला जड जातं. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतला विरोधी पक्ष, डेमोक्रॅटिक अलायन्स, लंडनला पीआरसीएकडे तक्रार घेऊन गेला.

आता या संघटनेबद्दल. पीआरसीए १९६९ मध्ये सुरू झाली, जनसंपर्क सल्लागार कंपन्यांची संघटना म्हणून. त्याआधी, १९४८ पासून, व्यक्तींसाठी वेगळी संस्था होतीच. तिला २००५ मध्ये राजसनद मिळाली आणि तिचे सभासद परीक्षा देऊन 'चार्टर्ड' म्हणवू लागले. कंपन्यांसाठी मात्र पीआरसीएचा शिक्का मोलाचा. तो मिळवायला नुसती वर्गणी भरून चालत नाही. १९९० च्या दशकापासून तिथे एक व्यवस्थापन मानक आहे. त्यासाठी बाहेरचा परीक्षक कंपनीत येतो, कागद बघतो, माणसांशी बोलतो. वर्षाचा आराखडा लेखी आहे का, गिऱ्हाइकाशी करार आहे का, बिलं वेळेवर जातात का, नोकरांना प्रशिक्षण मिळतं का, गिऱ्हाईक खूश आहे का हे कधी विचारलं का. ठरावीक काळाने पुन्हा तपासणी.

हे सगळं उपयोगाचं आहे, याबद्दल वाद नाही. ज्याने कधी एजन्सीला काम दिलंय आणि तीन महिन्यांनी 'रिटेनर कशाचा लावला हो?' म्हणून हुज्जत घातली आहे, त्याला लेखी कराराची किंमत कळते. पण ही तपासणी भांडी घासलेली आहेत का ते बघते, पातेल्यात काय शिजतंय ते नव्हे. ओकबेचा करार लेखी होता, बिलं वेळेवर जात होती, गिऱ्हाईक बराच काळ खूश होतं. परीक्षकाला तिथे दोष कुठे सापडला असता?

पातेल्यात डोकावायचं काम आचारसंहितेचं. सभासद कंपनी तिच्यावर सही करते: खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती पसरवणार नाही, लोकहिताचं भान ठेवीन, कुणासाठी काम करतो ते लपवणार नाही. अडचण एवढीच, की संहिता आपणहून उठत नाही. कुणीतरी येऊन दार वाजवावं लागतं. इथे दार वाजवणारा परक्या देशातला राजकीय पक्ष होता, आणि त्याचा त्यात राजकीय स्वार्थही होताच. तरी तक्रार दाखल झाली, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायला १८ ऑगस्टला समिती बसली. निकाल कंपनीविरुद्ध गेला. अपील झालं, तेही फेटाळलं गेलं. हेंडरसन यांनी ३ सप्टेंबरला राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी हकालपट्टी जाहीर झाली. कंपनीनेच नेमलेल्या कायदेसल्लागारांचा अहवालही त्याच दिवशी बाहेर आला. त्यांचं म्हणणं होतं, की ही मोहीम वांशिक तेढ वाढवू शकेल अशी होती आणि ती हाताळताना घ्यायची काळजी घेतली गेली नाही. संघटनेच्या प्रमुखांनी तर आपल्या कारकिर्दीत याहून उघड असा नीतिभंग पाहिला नाही, अशा अर्थाचं सांगितलं.

मग गिऱ्हाइकं निघाली. एचएसबीसी गेली, इन्व्हेस्टेक गेली, कॅरिलियन गेली. ज्या कंपनीकडे बेल पॉटिंगरचे सत्तावीस टक्के समभाग होते तिने त्यावर पाणी सोडलं. विकत घ्यायला कुणी पुढे येईना.

या यादीकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. या बँका आणि या कंपन्यांना सहा महिन्यांपूर्वी काही माहीत नव्हतं का? दक्षिण आफ्रिकेतली वर्तमानपत्रं वर्षभर ओरडत होती. बेल पॉटिंगरची गिऱ्हाइकं कोण, हेही जगजाहीर होतं. चिलीचा हुकूमशहा पिनोशे याच्या बाजूच्या मंडळींसाठी तिने काम केलं होतं, बेलारूसच्या लुकाशेंकोंच्या सरकारसाठी केलं होतं, सीरियाच्या असद यांच्या पत्नीसाठी केलं होतं. २०११ मध्ये लंडनच्या शोधपत्रकारांनी उझबेक सरकारची माणसं असल्याचं सोंग घेऊन कंपनीतल्या बड्यांना गाठलं होतं. राजवट सुधारल्यासारखी दिसायला काय काय करता येईल, ब्रिटिश पंतप्रधानांपर्यंत कसं पोचता येईल, हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर ऐकवलं. लगोलग विकिपीडियाने कंपनीशी संबंधित खाती बंद केली, कारण तिथले लेख गिऱ्हाइकांच्या सोयीने बदलले जात होते. २०१६ मध्ये बातमी आली, की इराकमध्ये अमेरिकी लष्करासाठी या कंपनीने पन्नास कोटी डॉलरहून मोठं प्रचाराचं काम केलं, आणि त्यात अल कायदाच्या नावाने बनवलेल्या चित्रफिती होत्या. इतकं होऊनही कंपनी उभीच होती. उलट बदनामीचं तिला थोडं आकर्षणच असावं. याला सोडवलं, म्हणजे आपल्यालाही सोडवतील, असा गिऱ्हाइकाचा हिशोब.

हकालपट्टीने नवी माहिती काहीच दिली नाही. तिने दिलं ते निमित्त. मोठ्या बँकेच्या संचालक मंडळात कुणी विचारलं, की आपण यांना कशाला ठेवलंय, तर कालपर्यंत उत्तर होतं, 'ते चांगलं काम करतात.' आता समोर त्यांच्याच धंदेवाल्यांच्या सहीचा कागद होता. गावकीने एखाद्याला वाळीत टाकलं की त्याचं घर कुणी पाडत नाही, पण गिरणीत त्याचं दळण घेत नाहीत. (महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, इतकं ते हत्यार धारदार आहे, इथे मी त्याच्या धारेबद्दल बोलतोय, न्यायाबद्दल नाही.) लोखंड विकणारी कंपनी बदनाम झाली तरी तिचं लोखंड लोखंडच राहतं. प्रतिमा विकणाऱ्याची प्रतिमा गेली की दुकानात माल कोणता उरला?

याच्या उलटं उदाहरण आपल्याच घरात आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत काही वर्तमानपत्रांत उमेदवारांची स्तुती करणारा तोच मजकूर शब्दशः, वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने छापून आला. पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'तून बाहेर काढलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. प्रेस कौन्सिलने दोघांची उपसमिती नेमली. तिने नावानिशी अहवाल दिला. पूर्ण अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झालाच नाही, तो लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशाची वाट बघावी लागली, २०११ मध्ये. प्रेस कौन्सिल ही संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. पण तिच्या हाती ताशेरे ओढण्यापलीकडे काही नाही. त्या अहवालाने एकही वर्तमानपत्र बंद पडलं नाही की एकाचाही खप पडल्याचं ऐकलं नाही. कायद्याची संस्था, परिणाम शून्य. लंडनची संस्था खासगी क्लबासारखी, आणि आठ दिवसांत कंपनी गार. फरक संस्थेच्या अधिकारात नव्हता. तिथे सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला काही गमवायचं नव्हतं, इथे मात्र वाचकाने सोडून जायचं तर कुठे, आणि जाहिरातदार तर स्वतःच त्या व्यवहारात.

या धंद्याला सनद असावी का, हा वाद धंद्याइतकाच जुना आहे. १९०६ मध्ये अमेरिकेत कोळसा खाणींच्या मालकांसाठी काम करणाऱ्या आयव्ही ली यांनी वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठवला: आमचं काम उघड आहे, ही छुपी प्रसिद्धी कचेरी नव्हे, हवी ती माहिती तपासून देऊ. आचारसंहितेचा पूर्वज म्हणून तो आजही वर्गात शिकवला जातो. आठ वर्षांनी कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायकामुलं मेली, आणि त्यानंतर हेच ली खाणमालक रॉकफेलर यांच्या बाजूने पत्रकं काढत होते. त्यांतले आकडे चुकीचे निघाले. चौकशीत त्यांनी कबूल केलं, की मालकांनी दिलं ते आपण तपासलं नव्हतं. आयुष्याच्या शेवटी, १९३४ मध्ये, ते अमेरिकी संसदेच्या समितीसमोर होते ते हिटलरच्या काळातल्या आयजी फारबेन या जर्मन कंपनीला दिलेल्या सल्ल्याबद्दल. परक्या सरकारांसाठी प्रचार करणाऱ्यांनी नोंदणी करावी, असा कायदा अमेरिकेत १९३८ मध्ये आला, त्यामागे अशीच प्रकरणं होती. तो कायदा आजही आहे. तो तुम्ही काय बोलता ते विचारत नाही, कुणाकडून पैसे घेता ते विचारतो.

दुसरे एडवर्ड बर्नेज. फ्रॉइडचे भाचे. १९२९ मध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींच्या हाती सिगारेटी देऊन त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणवून घेणारे. पैसे सिगारेट कंपनीचे, बातम्या स्त्रीमुक्तीच्या. सत्त्याऐंशी वर्षांनी जोहान्सबर्गमध्ये झालं त्याचा नमुना हाच: खरी तक्रार, भाड्याचा आवाज. हेच बर्नेज पुढे म्हातारपणी हट्टाने सांगत राहिले, की या धंद्याला सरकारी परवाना हवा, नाहीतर कुणीही भामटा उठून स्वतःला जनसंपर्क सल्लागार म्हणवेल. १९९५ मध्ये एकशेतीन वर्षांचे होऊन वारले तोवर त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. बाकीच्यांचा आक्षेपही फुकाचा नव्हता. परवाना कशाचा द्यायचा? बोलण्याचा? जे सरकार परवाना देईल ते नावडत्या संघटनेचा, नावडत्या कामगार पुढाऱ्याचा परवाना काढूनही घेईल.

हा प्रयोग करून बघितलेले देश आहेत. ब्राझीलने डिसेंबर १९६७ मध्ये कायदा केला: जनसंपर्काची पदवी आणि परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला जनसंपर्क व्यावसायिक म्हणवायचं नाही. १९६७ चं ब्राझील म्हणजे लष्करी राजवटीचं ब्राझील, हे ध्यानात घ्यावं. नायजेरियाने १९९० मध्ये असाच हुकूम काढला, तिथेही सत्तेवर जनरल होते. मला हा योगायोग वाटत नाही.

अमेरिकेत पडला तो मधला मार्ग. परीक्षा ऐच्छिक, नावापुढे तीन अक्षरं, संहिता सभासदांपुरती. त्या मार्गातली फट १९८६ मध्ये दिसली. तिथल्या सर्वांत मोठ्या जनसंपर्क संघटनेच्या अध्यक्षांवरच शेअर बाजार नियामकाने ठपका ठेवला, की गिऱ्हाईक कंपनीची आतली बातमी कळल्यावर त्यांनी शेअर घेतले. त्यांनी आरोप मान्यही केला नाही, अमान्यही केला नाही, तडजोड केली. अध्यक्षपद सोडलं, आणि संघटनेची चौकशी समोर आल्यावर सभासदत्वही सोडलं. सभासदच नाही म्हटल्यावर संहिता कुणाला लावणार? पुढे २००० मध्ये त्या संघटनेने संहिता नव्याने लिहिली, तेव्हा शिक्षेचा भाग जवळजवळ काढूनच टाकला. आता ती सभासदांना प्रेरणा देते म्हणे.

आपल्याकडे पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे. २१ एप्रिल १९६८ ला दिल्लीच्या राष्ट्रीय परिषदेत तिने आचारसंहिता स्वीकारली, ती १९६५ मध्ये अथेन्सला ठरलेली आंतरराष्ट्रीय संहिताच. म्हणून २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो. त्या दिवशी फुलांचे गुच्छ, दीपप्रज्वलन आणि 'बदलत्या काळातील जनसंपर्क' या विषयावर एक परिसंवाद होतो. कंपन्यांची संघटना २००१ मध्ये झाली, तिचीही संहिता आहे, सभासद व्हायला निकष आहेत. या संस्थांत तळमळीने काम करणारी माणसं आहेत, आणि पत्रकार परिषदेत पाकीट द्यायचं नाही म्हणून गिऱ्हाईक गमावलेले एक गृहस्थ मी जवळून पाहिले आहेत. त्यांच्या नावापुढे कसलीही अक्षरं नव्हती. पण काम देणारं गिऱ्हाईक एजन्सी निवडताना विचारतं काय? 'कुठल्या पेपरात किती कॉलम आणून द्याल?' तुम्ही कुठल्या संहितेवर सही केली आहे, हा प्रश्न मी कोणत्याही बैठकीत ऐकलेला नाही. जोवर तो विचारला जात नाही, तोवर आपल्याकडे कुणाला यादीतून काढलं तरी त्याचं दळण गिरणीत चालूच राहील.

बेल पॉटिंगरचं पुढे काय झालं? सिंगापूरच्या शाखेने स्वतःला वेगळं काढून नवं नाव घेतलं. बाकीची बरीच माणसं दुसऱ्या एजन्सींत लागली, आणि त्यांना मनाई करायचा प्रश्नच नव्हता, कारण हाकललं होतं ते कंपनीला. टिम बेल २०१९ मध्ये वारले. दक्षिण आफ्रिकेत गुप्ता-झुमा व्यवहारांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती झोंडो आयोगाने २०१८ ते २०२१ अशी तीन वर्षं साक्षी नोंदवल्या. आणि पीआरसीएच्या आदेशात एक ओळ होती, की ही कंपनी किमान पाच वर्षं पुन्हा सभासदत्वासाठी अर्ज करू शकणार नाही. ती मुदत सप्टेंबर २०२२ मध्ये संपली. तोवर अर्ज करायला कंपनीच उरली नव्हती.